तीन नंबरचा काटा

लखनऊ छावणीची पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो, सिग्नल्समध्ये रेडिओ मेकॅनिक. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. त्याआधीचा काळ मी बर्फात काढला होता, त्यामुळे ऑर्डर हातात पडल्यावर बराकीतल्या सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. सपाट मुलूख, रुंद रस्ते, फॅमिली सोबत ठेवायची मुभा. फौजेत अशा जागेला पीस स्टेशन म्हणतात. मीही तिथे निवांत बसायच्या तयारीनेच उतरलो. पण माझ्या सगळ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त घाबरलो तो याच पीस स्टेशनात, एका खोलीत खुर्चीवर बसून.

क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून तेलीबागेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बायको सुनंदा पहिल्याच महिन्यात अमीनाबादच्या गर्दीत जाऊन पडदे, चादरी घेऊन आली आणि घासाघीस करण्यापुरती हिंदी शिकली. पोरांचं तर विचारूच नका. मी मराठीत हाक मारायचो, उत्तर यायचं, "हाँ पापा, आ रहे हैं." आमच्याच गल्लीत विलास वानखेडे राहायचा. लान्स नायक, ट्रकचा ड्रायव्हर, रिसोडजवळच्या गावचा. मी वाशीमचा. परमुलखात जिल्ह्याचा माणूस भेटला की तो सख्ख्या भावाच्या जागी असतो. युनिटमध्ये तो मला उस्ताद म्हणायचा, घरी भाऊ.

आम्हा दोघांनाही एकाच ट्रायलवर लावलं होतं. ट्रायलचे अधिकारी होते कॅप्टन माथुर. वय कमी, डोकं तेज, झोप माहीत नाही असा माणूस. त्यांनी एक डबा तयार केला होता, जेवणाच्या डब्याएवढाच, लोखंडी. तो ट्रकच्या डॅशबोर्डखाली बसवायचा. गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, ते किती तापलं, ब्रेकच्या टाकीत हवेचं प्रेशर किती, हे तो सतत मोजायचा आणि आतल्या मेमरी चिपमध्ये साठवायचा. चिपला स्वतःचा छोटा सेल होता, त्यामुळे गाडीची बॅटरी काढली तरी डबा काही विसरत नसे. शिवाय ठरावीक वेळाने तो ही माहिती गाडीतल्याच रेडिओ सेटवरून छावणीतल्या कंट्रोल रूमला पाठवायचा. तिथे हिरव्या अक्षरांच्या एका स्क्रीनवर प्रत्येक गाडीची एक ओळ दिसायची. कोणती गाडी आजारी पडतेय ते रस्त्यात बंद पडायच्या आधीच कळणार होतं. आज फोनवर गाडीची खबर घेणाऱ्यांना यात काही वाटणार नाही. तेव्हा आम्हाला ती जादू वाटली.

ड्रायव्हर लोकांना मात्र डबा अजिबात आवडला नाही. कोण ढाब्यावर किती वेळ थांबला, कोणी गाडी पळवली, हे सगळं साहेबांना कळणार म्हणून त्यांनी त्याचं नाव मुखबिर, म्हणजे खबऱ्या, ठेवलं. माहिती पाठवताना रेडिओवर किर्रर्र असा आवाज यायचा, बंद खोलीत रातकिडा बसावा तसा. तेवढा वेळ त्या फ्रिक्वेन्सीवर कोणालाच बोलता येत नसे. दोन-तीन सेकंदांचीच गोष्ट होती. मला तो आवाज पहिल्या दिवसापासून आवडला नाही. कारण विचाराल तर तेव्हा सांगता आलं नसतं.

वानखेडेची तक्रार वेगळी होती. त्याच्या ट्रकच्या ब्रेकच्या टाकीला नळी जोडायला एकच तोंड होतं. त्यावर डॅशबोर्डवरच्या काट्याची नळी असायची. डब्याची नळी बसवायची तर काट्याची काढावी लागली. दोन्ही बसवायला टी-जॉइंट लागणार होता. माथुर साहेबांनी डेपोकडे मागणी पाठवली होती, दोनदा आठवणही केली होती. सहा ट्रकांपैकी पाच ट्रकांना वर्कशॉपमधलेच जुने जॉइंट बसले. वानखेडेचा ट्रक जुन्या बनावटीचा, त्याचं माप निराळं. मग त्याच्या डॅशबोर्डवर काट्याच्या जागी एक काळं भोक तेवढं राहिलं. तोवर कंट्रोलने रेडिओवरून त्याला प्रेशर सांगत राहायचं असं ठरलं. जॉइंट आला की काटा परत.

ट्रायलच्या आदल्या संध्याकाळी वानखेडे आणि त्याची बायको रंजना आमच्याकडे जेवायला होते. गावाकडून कोणीतरी ज्वारीचं पीठ आणलं होतं, म्हणून भाकरीचा बेत. दिल्लीहून मोठे अधिकारी ट्रायल बघायला आले होते, त्यामुळे तारीख हलणार नव्हती. बाहेर गल्लीत धुकं उतरायला लागलं होतं. लखनऊचं जानेवारीतलं धुकं ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. समोरच्या घराचा दिवा असतो आणि घर नसतं.

वानखेडे चेष्टेखोर माणूस, पण त्या दिवशी त्याचं चेष्टेत लक्ष नव्हतं. हात धुता धुता म्हणाला, "भाऊ, माह्या गाडीचा काटा काढला अन् आता माह्याच गाडीची खबर तुम्ही मले कँटमधून सांगणार. म्हणजे ताप माह्या आंगात अन् थर्मामीटर शेजाऱ्याच्या घरात."

सगळे हसलो. रंजना हसली नाही. तिने मला विचारलं, रेडिओ बंद पडला तर? मी म्हटलं, रेडिओ माझ्या हातचा आहे, वहिनी, बंद पडणार नाही. आणि हे मी खरंच सांगितलं होतं. रेडिओ बंद पडला नाही.

सकाळी सहा ट्रक छावणीतून निघाले आणि रायबरेली रोडला लागले. वानखेडेचा ट्रक तीन नंबरचा. त्याच्या शेजारी ऑपरेटर म्हणून सिग्नलमन रामनिवास यादव, इकडचाच पोरगा, भरतीला फार दिवस झालेले नव्हते. धुक्यामुळे वेग कमी ठेवायचा हुकूम होता. दुसरा हुकूम असा की संपर्क तुटला तरी मध्ये थांबायचं नाही, पुढच्या ठरलेल्या हॉल्टपर्यंत चालत राहायचं. धुक्यात एक गाडी थांबली की मागची तिच्यावर येते, म्हणून हा नियम. नियम बरोबर होता. त्या दिवशीचे सगळेच नियम बरोबर होते.

कंट्रोल रूममध्ये मी हँडसेट घेऊन स्क्रीनसमोर बसलो होतो. माझ्या बाजूला माथुर साहेब, मागे दिल्लीचे पाहुणे, चहा आणि पकोडे. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. एकेक गाडी किर्रर्र करायची आणि स्क्रीनवर तिची ओळ ताजी व्हायची. एक, दोन, तीन, चार. मी मध्येमध्ये तीनला प्रेशर सांगत होतो. यादव प्रत्येक वेळी "रॉजर" म्हणायचा, आणि मागून वानखेडे काहीतरी बडबडल्याचं ऐकू यायचं. पाहुणे माना डोलवत होते. तेलीबाग मागे पडली, गाड्या मोकळ्या रस्त्याला लागल्या.

मग तीन नंबरच्या ओळीतला प्रेशरचा आकडा थोडा उतरला. मी हँडसेट उचलला. बोलायच्या आत तो आणखी उतरला आणि ठरलेल्या मर्यादेखाली गेला. स्क्रीनवर ओळ लुकलुकायला लागली, टेबलावरचा बझर वाजला. ब्रेकची हवा कुठूनतरी गळत होती.

मागून एक पाहुणे म्हणाले, "व्हेरी गुड." त्यांचं काही चुकलं नव्हतं. डब्याने नेमकं तेच केलं होतं ज्यासाठी तो बनवला होता. माथुर साहेबांच्या चेहऱ्यावरही क्षणभर समाधान दिसलं.

डब्याची रीत अशी होती. धोका दिसला की त्याने ठरावीक वेळेची वाट बघायची नाही, लगेच पाठवायचं, आणि कंट्रोलकडून पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं. दोन पाठवण्यांच्या मध्ये तो एक छोटी फट ठेवायचा. त्या फटीत आमची पोच त्याला ऐकू यायची आणि तो गप्प व्हायचा. मग मी बोलायचं. वर्कशॉपच्या बेंचवर आम्ही हे कितीतरी वेळा करून पाहिलं होतं. दर वेळी पहिल्याच पोचेला डबा गप्प झाला होता.

साहेबांनी पोचेचं बटण दाबलं. किर्रर्र चालूच. पुन्हा दाबलं. चालूच. मी हँडसेटमध्ये बोललो, "थ्री, कंट्रोल. हॉल्ट. हॉल्ट. ओव्हर." स्पीकरमधून किर्रर्रशिवाय काही आलं नाही. डबा यादवच्याच सेटवरून ओरडत होता. सेट ओरडत असला की तो ऐकत नाही. म्हणजे आम्हाला तीन नंबरची अगदी खडान्‌खडा माहिती मिळत होती आणि तीन नंबरला आमचा एक शब्द जात नव्हता.

आकडा उतरत होता. वेग तेवढाच होता. धुक्यात सरळ रस्त्यावर हळू चालणाऱ्या ड्रायव्हरला ब्रेक फारसा लागत नाही, त्यामुळे पायाखाली काय उरलंय हे त्याला कळत नाही. काट्याने कळलं असतं. मी दोनला हाक मारली, चारला मारली; फ्रिक्वेन्सी सगळ्यांची एकच, त्यांनाही किर्रर्रच ऐकू जात होतं. साहेब म्हणाले, "किसी को भी बोलो, कोई भी सुने." त्यांचा आवाज बदलला होता. छावणीतल्या मोटारसायकलवाल्याला पिटाळलं, पण त्याला ट्रक गाठायला वेळ लागणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. खोलीत कोणी चहा पीत नव्हतं.

मी त्या आकड्याकडे बघत होतो. बघण्याशिवाय माझ्याकडे काही काम उरलं नव्हतं. एखाद्या माणसाच्या मागे साप चाललाय, तो आपल्याला काचेतून दिसतोय आणि काच फुटत नाहीये, तसं ते होतं. मला त्या वेळी वानखेडेच्या आवाजाची जेवढी तहान लागली तेवढी आयुष्यात पाण्याची लागली नाही.

मग वेगाचा आकडा एकदम खाली आला, इंजिनाच्या फेऱ्यांचा वर गेला. त्याने खालचा गिअर टाकला होता. म्हणजे त्याला कळलं होतं. वेग आणखी उतरला, पुन्हा गिअर. साहेब हळूच म्हणाले, "शाबाश." नंतर ओळ थांबली. किर्रर्र थांबलं.

नेट, म्हणजे आमची सगळ्यांची रेडिओची लाइन, मोकळं झालं. मी म्हटलं, "थ्री, कंट्रोल. ओव्हर." उत्तर नव्हतं. पुन्हा म्हटलं. मग चार नंबरचा ऑपरेटर बोलला. आवाज शांत होता, शिकवल्याप्रमाणे. "कंट्रोल, फोर. थ्री फाटक के पास सड़क से उतर गई है. पेड़ से लगी है. एम्ब्युलन्स. ओव्हर."

वानखेडे जागेवरच गेला होता.

घडलं होतं ते असं. त्या रस्त्यावर एक रेल्वे फाटक होतं. पहिल्या दोन गाड्या पार झाल्या आणि दोन नंबरच्या पाठीमागे फाटक खाली यायला लागलं. रेल्वेगाडीची वेळ होती. फाटकापाशी सायकलवाले, भाजीच्या हातगाड्या, शाळेच्या पोरांनी भरलेली एक सायकलरिक्षा येऊन थांबली. धुक्यातून तीन नंबर आला तेव्हा हे सगळं त्याच्या तोंडासमोर होतं आणि ब्रेकमध्ये हवा नव्हती.

आठवड्याभरात कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. नागरी वाचकांसाठी सांगतो, ही काही फाशी देणारी कचेरी नसते. काय झालं, का झालं आणि कोणाकडून, एवढं ती ठरवते. पण ती जे लिहील त्यावर वानखेडेचं नाव कसं राहणार आणि रंजनाच्या पदरात काय पडणार हे अवलंबून होतं. पहिल्या रिपोर्टात कोणीतरी लिहून टाकलं होतं, धुक्यात वेग जास्त, चालकाचा ताबा सुटला. मेलेल्या ड्रायव्हरच्या माथी मारायला हे वाक्य नेहमी तयारच असतं. मला त्याची चीड आली आणि ती अजून गेलेली नाही.

अध्यक्ष एक कर्नल होते, थोडके बोलणारे. सगळ्यांसमोर डबा उघडला. तो सुखरूप होता. चिपमधली माहिती कॉम्प्युटरवर काढली, छापील कागद टेबलावर ठेवले. वेग हुकुमापेक्षा एकदाही जास्त नव्हता. रेडिओचंही कारण सापडलं. वानखेडेच्या ट्रकातला सेट जुना होता. बोलणं थांबवून ऐकायला लागेपर्यंत जुन्या सेटला जो क्षण लागतो, त्याहून डब्याने ठेवलेली फट लहान होती. बेंचवर आम्ही सगळं नव्या सेटवर तपासलं होतं.

दोन नंबरच्या ऑपरेटरला बोलावलं. त्याने फाटक खाली येताना मागे वळून पाहिलं होतं. कर्नलसाहेबांनी विचारलं, मागच्या गाडीला सांगितलं का नाही?

"सर, नेट बिझी था," तो म्हणाला. "मैं रुका."

खोलीत सिग्नल्सचे आम्ही जेवढे होतो त्यांनी माना खाली घातल्या. रेडिओवर दुसरा कोणी बोलत असेल तर मध्ये घुसायचं नाही, नेट मोकळं होईपर्यंत थांबायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि मग आयुष्यभर ते अंगातून जात नाही. तो पोरगा शिस्तीने थांबला होता. चार नंबरचाही थांबला होता. डब्याला शिस्त शिकवलेली नव्हती.

माथुर साहेब उभे राहिले ते कोणी विचारायच्या आधी. म्हणाले, काटा ड्रायव्हरच्या समोर हवा होता. तो मी काढायला लावला. जॉइंट आला नव्हता तर गाडी ट्रायलमधून वगळायला हवी होती, ते माझं काम होतं. एवढंच बोलून बसले. त्या माणसाबद्दल कोणी वाईट बोललं की मी आजही ऐकून घेत नाही.

शेवटी यादव आला. हात प्लास्टरमध्ये, चेहऱ्यावर टाके. कर्नलसाहेबांनी विचारलं, गाडी रस्ता सोडून झाडाकडे गेली तेव्हा ड्रायव्हरचा ताबा सुटला होता का? वेगाचं, इंजिनाचं, हवेचं सगळं डब्यात होतं. स्टीअरिंगचं काहीच नव्हतं. ते मोजायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

यादव म्हणाला, "नहीं साहब. कंट्रोल छूटा नहीं था. वानखेडे उस्ताद ने मुझसे कहा, पैर ऊपर कर ले. फिर देखा, सामने रिक्शे में बच्चे थे. बाईं तरफ खड्ड था, दाईं तरफ पेड़. गाड़ी उन्होंने अपनी तरफ काटी."

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. धडकेच्या वेळी कोणाचाही हात आपोआप स्वतःला वाचवायला वळतो. वानखेडेने डावीकडे घेतली असती तर ट्रक यादवच्या अंगावर उलटून खड्ड्यात गेला असता. त्याने उजवीकडे घेतली. झाड नेमकं ड्रायव्हरच्या दारावर आलं. यादवला त्या जागेवरून उचलून काढलं, तेव्हा त्याचे पाय डॅशबोर्डवर होते.

कर्नलसाहेबांनी टोपी नीट केली आणि यादवचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. निष्कर्ष असा लागला की मृत्यू कर्तव्यावर असताना आला, चालकाची चूक नाही, गाडी शेवटपर्यंत त्याच्या ताब्यात होती. डबा पुढे सुधारला. आता तो आधी ड्रायव्हरला सांगायचा, मग कंट्रोलला, आणि दोनदा ओरडून गप्प बसायचा.

निष्कर्ष कळला त्या दुपारी मी आणि सुनंदा रंजनाकडे गेलो. तिचं सामान बांधून झालं होतं, तिचा भाऊ न्यायला आला होता. गल्लीतल्या बायका काय बोलतात ते तिच्या कानावर आलं होतं. तिने मला पाणी दिलं आणि उभ्यानेच विचारलं, "भाऊजी, गाडी त्याहीच्या हातची सुटली होती का?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. गाडी त्याच्या ताब्यात होती." मग पोरांच्या रिक्षाचं सांगितलं, यादवचं सांगितलं. ती शेवटपर्यंत रडली नाही. मी रडलो, आणि सुनंदाने मला बाहेर नेलं.

रिसोडजवळच्या त्या गावात रस्त्याच्या कडेला विलासच्या नावाचा एक लहान दगडी स्तंभ आहे. गावाने वर्गणी काढून बांधला. त्यावर 'शहीद', 'अमर रहे' असं काहीतरी लिहायचं गावाने ठरवलं होतं. रंजनाने ऐकलं नाही. दगडावर तिच्या सांगण्यावरून एवढंच कोरलं आहे: लान्स नायक विलास वानखेडे, ड्रायव्हर. गाडी त्यांच्या ताब्यात होती. येणारे-जाणारे थांबून विचारतात, हे असं काय लिहिलंय. घर जवळच आहे. ती बाहेर येते आणि सांगते.